पोराला ‘कंपुटर’ला घालण्याआधीचा हिशोब



जून-जुलै आला की आपल्या गटांमधल्या कर्जमागणीच्या अर्जांचा रंग बदलतो. एरवी शेळी, शिलाई मशीन, बी-बियाणं, दवाखाना. या दोन महिन्यांत मात्र ‘मुलाचं ॲडमिशन’. आणि त्यातही आता बहुतेक घरांत एकच नाव ऐकू येतं, कंपुटर इंजिनिअरिंग.

गेल्या वर्षी एका गटाच्या मासिक बैठकीला बसले होते. बचत जमा झाली, वसुली झाली, सह्या झाल्या आणि एक ताई उठल्या. म्हणाल्या, “मला एक लाख पाहिजेत. पोराला पुण्याला कंपुटरला घालायचंय. मॅनेजमेंटमधून सीट मिळालीय. शनिवारपर्यंत पैसे नाही भरले तर जाईल म्हणतेत.” बाकीच्या पैशाचं काय, असं विचारलं तर म्हणाल्या, “बँक देती म्हणलाय तो माणूस, साडेसात लाख. सातबारा लागंल बहुतेक.” तो माणूस कोण, तर कॉलेजच्या वतीनं फोन करणारा एजंट. ताईंनी मोबाईलवर जाहिरात दाखवली. सहा पोरांचे फोटो, आणि खाली मोठ्या अक्षरात ‘४४ लाखांचं पॅकेज’.

एक आज्जी म्हणाल्या, “चव्वेचाळीस लाख? मग दोन वर्षांत गावच इकत घेतंय की पोरगं.” सगळ्या हसल्या. ताई हसल्या नाहीत. त्यांना पोराला शिकवायचं होतं, आणि त्यांच्याकडं असलेली एकमेव मोठी वस्तू, दोन एकर जमीन, त्यांनी मनातून काढून ठेवली होती. घरी धाकटी मुलगीही आहे, तेव्हा अकरावीत. तिचं पुढं काय करायचं ठरलंय, हे कुणी विचारलं नाही. मीही त्या क्षणी विचारलं नाही, हे खरं.

त्या दिवशी आम्ही ठराव वहीच्या मागच्या पानावर जो हिशोब मांडला, तोच इथं देते आहे. नंतर तीन-चार गटांनी मागितला, म्हणून अंकात घ्यायचं ठरलं.

पॅकेज म्हणजे पगार नव्हे

आधी ते ४४ लाख. असं पॅकेज मिळालंच नसेल असं मी म्हणत नाही. एखाद्या हुशार मुलाला मिळतं. पण फलकावर सहाच फोटो असतात आणि वर्गात शंभरच्या वर मुलं असतात. बाकीच्यांचं काय झालं, ते फलक सांगत नाही.

‘सरासरी पॅकेज’ हा शब्दही फसवा. आपल्याच गटाचं उदाहरण घ्या. दहाजणींच्या गटात नऊजणींकडं दोन-दोन शेळ्या आहेत आणि एकीकडं पन्नास. सरासरी काढली तर प्रत्येकीकडं जवळजवळ सात शेळ्या निघतात! प्रत्यक्षात सात शेळ्या एकीकडंही नाहीत. म्हणून सरासरी विचारायची नाही. सगळ्या मुलांना पगाराप्रमाणं ओळीत उभं केलं तर बरोबर मधल्या मुलाला किती मिळतात, ते विचारायचं. कॉलेजवाले याला ‘मीडियन’ म्हणतात. हा शब्द पाठ करून जा.

मोठ्या आयटी कंपन्या कॉलेजात येऊन एका वेळी पुष्कळ मुलं उचलतात. त्यांचा नव्या मुलाचा सुरुवातीचा पगार गेली दहा-बारा वर्षं वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळतोय. खोलीभाडं वाढलं, मेस वाढली, कॉलेजची फी वाढली, हा आकडा मात्र फारसा हलला नाही. साडेतीन लाखांना बारानं भागलं तर २९ हजार येतात, पण तेवढे हातात पडत नाहीत. पॅकेजमध्ये पीएफचा कंपनीचा वाटा, ग्रॅच्युइटी, वर्षाअखेरीस मिळणारी किंवा न मिळणारी रक्कम, सगळं मोजलेलं असतं. हातात साधारण २४-२५ हजार.

आता पुण्यात राहायचं तर कॉट बेसिसवर सहा हजार धरा, मेसचे चार, येणं-जाणं आणि मोबाईल तीन, कपडेलत्ते-औषधपाणी दोन. झाले १५ हजार. उरले नऊ-दहा हजार. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

कर्ज झोपत नाही

शैक्षणिक कर्जाबद्दल आपल्याकडं सगळ्यात मोठा गैरसमज हाच, की शिक्षण होईपर्यंत काही भरायचं नाही म्हणजे व्याजही नाही. हप्ता नसतो, हे खरं. शिक्षणाचा काळ आणि त्यानंतर एक वर्ष बँक थांबते. पण व्याज पहिल्या दिवसापासून चालू असतं. (माझं स्वतःचं एमएसडब्ल्यू कर्जावर झालं. छोटंच कर्ज होतं, तरी पहिल्या हप्त्याच्या वेळी स्टेटमेंट बघून मी बँकेत भांडायला गेले होते की आकडा चुकलाय. चुकला नव्हता.)

ताईंचं साडेसात लाखांचं कर्ज आम्ही वहीवर घेतलं. व्याजदर सोपा जावा म्हणून १० टक्के धरला. तुमच्या बँकेचा थोडा इकडं-तिकडं असेल. बँक सगळे पैसे एकदम देत नाही, दर वर्षी फी भरायच्या वेळी देते. म्हणजे दर वर्षी १,८७,५००. पहिल्या वर्षीच्या रकमेवर हप्ता सुरू होईपर्यंत पाच वर्षांचं व्याज बसतं, दुसऱ्या वर्षीच्या रकमेवर चार वर्षांचं, मग तीन, मग दोन. सगळं मिळून व्याज २,६२,५०० रुपये. हप्ता सुरू होईल तेव्हा साडेसातचे १०,१२,५०० झालेले असतील.

हे दहा वर्षांत फेडायचे तर हप्ता १३,३८० च्या आसपास. पंधरा वर्षं घेतली तर १०,८८०. हप्ता कमी दिसतो म्हणून पंधरा वर्षं बरी वाटतात, पण एकूण भरणा जवळजवळ साडेएकोणीस लाखांवर जातो. आणि पोराच्या हातात उरणार होते नऊ-दहा हजार. म्हणजे नोकरी लागूनसुद्धा पहिली दोन-तीन वर्षं हप्त्याला घरून पैसे घालावे लागणार. ताई एवढंच म्हणाल्या, “म्हंजी त्यानं पाठवायच्या ऐवजी मीच पाठवायचे?”

आणि हे सगळं नोकरी वेळेवर लागली तर. २०२२-२३ मध्ये कितीतरी मुलांच्या हातात कंपनीचं पत्र होतं, पण कामावर बोलावणं यायला वर्ष-वर्ष लागलं. २०२५ च्या जुलैमध्ये टीसीएससारख्या कंपनीनं सुमारे १२ हजार माणसं कमी करणार असं जाहीर केलं. ती बहुतेक मधल्या आणि वरच्या जागांवरची होती, तरी वारं कुठल्या दिशेला आहे ते कळतं. साधं कोड लिहायचं काम आता एआय करायला लागलंय, त्यामुळं नवख्या पोरांच्या जागांवरच ताण आहे. जे पोरगं काम खरंच शिकतं, त्याचा पगार तीन-चार वर्षांत बऱ्यापैकी वाढतो, हेही तितकंच खरं. पण बँक तीन-चार वर्षं थांबत नाही. शिक्षण संपल्यावर एक वर्ष झालं की हप्ता सुरू, नोकरी असो नसो.

अजून एक गोष्ट. या कर्जात आई किंवा वडील सहकर्जदार असतात. हप्ते थकले तर पोराबरोबर तुमचंही सिबिल खराब होतं. उद्या तुम्हाला स्वतःच्या नावावर दुधाच्या धंद्याला कर्ज पाहिजे असेल, तेव्हा ते आडवं येतं. सही करताना ‘नुसती सही’ असं कुणी म्हणालं तर तिथंच थांबा.

सीट कुठून मिळाली, यावर निम्मा हिशोब

माझ्या मते सगळ्यात जास्त पैसा इथं वाचतो किंवा बुडतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इंजिनिअरिंगला जायचे दोन रस्ते आहेत. एक, सीईटी देऊन सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून. पोरं याला ‘कॅप राऊंड’ म्हणतात. दुसरा, संस्थेच्या स्वतःच्या जागा, म्हणजे मॅनेजमेंट कोटा. कॉलेज तेच, वर्ग तोच, सर तेच. पण महाडीबीटीवरच्या फी सवलती कॅपमधून गेलेल्यालाच मिळतात. मॅनेजमेंटमधून गेलं की पूर्ण फी आपल्या अंगावर. बऱ्याच बँकाही मॅनेजमेंटच्या सीटला हात आखडता घेतात, मग सातबारा मागतात. गुणवत्तेवर प्रवेश घेतलेल्या मुलाला साडेसात लाखांपर्यंत सरकारच्या कर्ज हमी योजनेमुळं तारण लागत नाही. चार लाखांपर्यंत तर तारण मागायचंच नाही, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. शाखेत कुणी मागितलं तर “लेखी द्या” म्हणायचं. दोन ताईंबरोबर मी गेले होते, लेखी मागितल्यावर बोलण्याचा सूर बदलला.

कॅपमधून गेल्यावर काय मिळतं? ओबीसी मुलाला शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम माफ. खुल्या गटातल्या आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलाला राजर्षी शाहू महाराज योजनेतून निम्मी. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलामुलींना त्यांच्या विभागाची शिष्यवृत्ती. शिवाय प्रत्येक शाखेत पाच टक्क्यांपर्यंत जागा अशा असतात की शिक्षण शुल्क पूर्ण माफ, जात कुठलीही असो, उत्पन्न आठ लाखांच्या आत पाहिजे. त्या गुणांवर भरतात. ऑप्शन फॉर्म भरताना पोरं या जागा टाकायच्याच विसरतात, तेव्हा ‘टीएफडब्ल्यूएस टाकलंस का?’ असं घरून विचारा. राहण्याच्या खर्चाला पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, नोंदणीकृत मजूर आणि अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांसाठी.

आणि मुलींसाठी तर मोठी गोष्ट झाली आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. अट तीच, प्रवेश कॅपमधून पाहिजे. विकास शुल्क, हॉस्टेल, मेस, पुस्तकं हे आपल्यालाच बघावं लागतं. पण मोठा बोजा उतरतो.

बैठकीत मी हे वाचून दाखवलं तेव्हा ताईंचं लक्ष एकदम दुसरीकडं गेलं. म्हणाल्या, “म्हंजी पोरीला फुकट, आन् पोरासाठी मी जमीन ठिवायलीय?” उत्तर कुणी दिलं नाही. पण शेजारच्या काकूंनी हळूच विचारलं, “सगळं कर्ज याच्यावरच काढलंस, तर पुढच्या साली पोरीच्या हॉस्टेलला काय करशील?” आपल्याकडं काय होतं, ते आपल्याला माहीत आहे. थोरल्याचं कर्ज घरात बसलं की धाकटीला ‘इथंच बीए कर’ म्हणतात, आणि दुसऱ्या वर्षाला स्थळं बघायला लागतात. कुणी वाईट विचारानं करत नाही. घरातले पैसे संपलेले असतात, एवढंच.

व्याजाच्या बाबतीतही दोन योजना बँकेत नावानं विचारा. घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि कॉलेजला नॅक किंवा एनबीएचं मानांकन असेल, तर शिक्षणाच्या आणि पुढच्या एका वर्षाच्या काळातलं दहा लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज केंद्र सरकार भरतं. दुसरी पीएम विद्यालक्ष्मी, नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली. ती देशातल्या निवडक वरच्या दर्जाच्या संस्थांसाठीच आहे. त्यात आठ लाखांपर्यंत उत्पन्नवाल्यांना व्याजात तीन टक्के सूट मिळते. दोन्हींसाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. योजनेत बसत नसाल तर निदान दर महिन्याचं व्याज तरी भरत राहा. ताईंच्या मोठ्या कर्जावरसुद्धा पहिल्या वर्षी ते महिन्याला १,५६२ रुपयेच होतं. चौथ्या वर्षी ६,२५० पर्यंत जातं, तो भाग जड आहे. पण जेवढं भराल तेवढा डोंगर कमी. शिकत असताना व्याज भरणाऱ्याला काही बँका दरातही थोडी सूट देतात.

कॉलेजला काय विचारायचं

प्रवेशाच्या दिवशी नाही, आधी. आणि पोराला एकट्याला पाठवू नका, स्वतः जा. पहिला प्रश्न, मागच्या वर्षी या शाखेत किती मुलं शेवटच्या वर्षाला होती? त्यातली किती चार वर्षांत पास झाली? किती जणांना नोकरी लागली? मधल्या मुलाचा पगार किती? केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणारी कॉलेजं हे आकडे आपल्या वेबसाईटवर टाकतात. पोराला मोबाईलवर काढून दाखवायला सांगा. त्यातला मधला पगार फक्त नोकरी लागलेल्यांचा असतो, बिनानोकरीची मुलं त्यात धरलेली नसतात, म्हणून दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा. कॉलेज क्रमवारीत नसेल तर कार्यालयात तोंडी विचारा. उत्तराऐवजी परत तोच सहा फोटोंचा फलक दाखवला, तर तेच उत्तर समजा.

फीचा खरा आकडा शुल्क नियामक प्राधिकरणाच्या वेबसाईटवर कॉलेजनिहाय असतो. त्याच्यावर देणगी, ‘डेव्हलपमेंट’ म्हणून रोख पैसे मागितले आणि पावती दिली नाही, तर ते १९८७ च्या कायद्यानं बंद आहे.

आणि गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर तिसऱ्या-चौथ्या वर्षाची पोरं उभी असतात. त्यांच्याशी पाच मिनिटं बोला. एवढं खरं दुसरं कुणी सांगत नाही.

सगळ्यांनी इंजिनिअरिंगच करावं असंही नाही. दहावीनंतर शासकीय तंत्रनिकेतनात डिप्लोमा केला तर फी हजारांत बसते, आणि मार्क चांगले असतील तर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. एक वर्षाची फी वाचते. तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सी कंपुटर, बीसीए आहे. पगार सुरुवातीला कमी, पण डोक्यावर कर्जही नसतं. मुलाला गणित आवडतच नसेल, केट्या राहत असतील, एखादं वर्ष वाया गेलं तर व्याज एक वर्ष जास्त आणि सवलतीवरही गदा. बारावीला गणितात किती होते, हे आईला माहीत असतंच.

गटाचं कर्ज कुठं वापरायचं

गटातलं अंतर्गत कर्ज दोन टक्के महिना असतं, म्हणजे वर्षाला चोवीस. बँकेचं शैक्षणिक कर्ज त्याच्या निम्म्याहून कमी. म्हणून चार वर्षांची फी गटातून काढायची नाही. गटाचा पैसा थोड्या दिवसांच्या नडीला वापरा. पहिल्या राऊंडची फी भरायचीय आणि बँकेचा पहिला हप्ता यायला वीस दिवस आहेत, तेव्हा. किंवा लॅपटॉप. मायक्रोफायनान्सच्या आठवड्याच्या हप्त्यावर तर शिक्षण करूच नका. पैसे यायला चार वर्षं, हप्ता पुढच्या सोमवारी, हे जमायचं कसं?

कागदांत सगळ्यात जास्त रडवतं ते जात वैधता प्रमाणपत्र. ते बारावीच्या निकालानंतर नाही, अकरावीतच अर्ज करून टाकायचं. नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला, अधिवास हे सेतूतून तुलनेनं लवकर मिळतात, पण मुदत बघून काढा.

त्या बैठकीत गटानं ताईंचा अर्ज फेटाळला नाही. आठ दिवस थांबायचं ठरलं. शनिवारी एजंटचा फोन आला, सीट गेली म्हणून. सोमवारी परत आला, एक सीट ‘निघाली’ म्हणून! तोवर कॅपचा राऊंड लागला होता. पोराला जिल्ह्याच्या गावी कॉलेज मिळालं, कंपुटर नाही, इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन. दोन दिवस जेवला नाही म्हणे. आयटी कंपन्या याही शाखेची पोरं घेतात, हे त्याला त्याच गावच्या एका दादानं समजावलं. निम्मी फी माफ, एसटीचा पास, घरचा डबा. चार वर्षांचं मिळून कर्ज तीन लाख, तारणाशिवाय. व्याज सवलत बसली तर दहा वर्षांचा हप्ता ३,९६५ च्या आसपास, नाही बसली तर ५,३५२. गटानं वीस हजार दिले, लॅपटॉपला.

मुलगी आता बारावीत आहे. तिच्या जात वैधतेची फाईल समितीकडं गेलीय. पोचपावती ताईंनी गटाच्या पासबुकात घडी करून ठेवली आहे, गेल्या बैठकीत वसुलीच्या वेळी पासबुक उघडलं तेव्हा ती खाली पडली.